टिकायचं पाणी आणि आत्याचे दात

आमच्या घरात टिकवायच्या वस्तूंचं खातं आत्याकडं आहे. वर्षाची तूरडाळ, मिरची, चिंच, कैरीचं लोणचं, एकदाच नेसलेली पातळं, लग्नपत्रिकांवरून कापून ठेवलेले गणपती, सगळं तिच्या ताब्यात. बिघडवायच्या वस्तूंचं खातं आपोआपच माझ्याकडं आलेलं आहे. त्यात मिक्सर आहे, इस्त्री आहे, आणि अलीकडं फिल्म आहे.

पन्नाशीला टेकल्यावर माणसाला काही ना काही होतंच. कुणाला गुडघे होतात, कुणाला अध्यात्म होतं. मला जुना, फिल्मचा कॅमेरा झाला. मी मंठ्यात ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो. पृथ्वीबद्दल मला बऱ्यापैकी माहिती आहे, तिच्यावरच्या वस्तूंबद्दल कमी. तरीही काळ्यापांढऱ्या फिल्मवर फोटो काढायचे आणि ती फिल्म घरीच धुवायची असं मी ठरवलं. धुवायची म्हणजे तिच्यावर दडलेलं चित्र उघडं करायचं. त्यासाठी जे पाणी लागतं त्याला डेव्हलपर म्हणतात. तो विकत मिळतो. पण तो घरी करता येतो असं मी वाचलं, आणि घरी करता येण्यासारखी गोष्ट विकत आणली तर आमच्या घरात तीन पिढ्या नाक मुरडतात.

जिनसा फार नाहीत. सी-व्हिटॅमिनची पावडर, धुण्याचा सोडा आणि मेटॉल नावाच्या भुकटीची एक चिमूट. पहिल्या दोन मंठ्याच्या बाजारात मिळतात, तिसरी संभाजीनगरहून मागवावी लागते. हे सगळं पाण्यात विरघळवलं की झाला डेव्हलपर. अडचण एवढीच की तो टिकत नाही. हवा लागली की मरतो. आणि मरतो तोही असा की बाहेरून कळत नाही. दूध नासलं तर फाटतं, वरण आंबलं तर फेस येतो. हे पाणी जिवंतपणी जसं दिसतं तसंच मेल्यावरही दिसतं.

ते जिवंत आहे का हे बघायची एक रीत आहे. फिल्मच्या सुरुवातीला एक जिभेसारखा तुकडा असतो, त्यावर फोटो येत नाही. तो थोडा कापायचा आणि भर उजेडात त्या पाण्यात बुडवायचा. थोड्या वेळात काळा झाला तर पाणी जिवंत. तसाच फिकट राहिला तर पाणी ओतून द्यायचं.

हे सगळं माझ्या एकट्याच्या हौसेपुरतं राहिलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण मध्ये आत्याचे दात आले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आतोबा गेल्यापासून ती आमच्याकडंच असते. आतोबांचा एक फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा फोटोच सापडला नव्हता. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं आणि मोठं करून आणलं. त्यामुळं त्यांच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. मनगटापासून पुढचा. चार बोटं, एका बोटात अंगठी. हा हात कुणाचा हे आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता विचारतो, "हात कुणाचा हो हा?" आणि आत्या दरवेळी उठून आत जाते.

या उन्हाळ्याच्या तोंडावर जालन्याच्या दातांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की वरचे खालचे सगळेच दात हलतायत, काढावे लागतील. गाडीनं परत निघालो. वाटूरपाशी म्हणाली, "तुझ्या त्या डब्ब्यातनं माझा एक फोटू काढ. दात हायेत तवर."

मी म्हणालो, "आत्ता मोबाइलवर काढतो की."

"मोबाइल नको. मोबाइलवरचा फोटू गावभर हिंडतो. लोकं त्याच्यावर गुलाबाची फुलं डकवून सकाळी सकाळी धाडतात." मग जरा थांबून, "अन् एकटीचा काढ. माझ्या फोटूत दुसऱ्याचा हात नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हिरवं इरकल नेसून गच्चीवर खुर्चीत बसली. मी अख्खा रोल तिच्यावर खर्च केला. त्या गडबडीत माझं लक्ष उजेडाकडं, फोकसकडं आणि माझ्या स्वतःच्या श्वासाकडं होतं. रोल संपल्यावर मी म्हणालो, "पुन्हा एकदा बसशील का, दुसरा रोल घालतो." ती म्हणाली, "न्हाई. मी काय गाय हाये का, घडीघडी दाव्याला बसायला?" आणि त्याच आठवड्यात तिचे दात काढले.

म्हणजे आता माझ्या हातात एक काळी डबी होती, आणि तिच्यात, बरोबर आलं असेल तर, आत्याचं दात असलेलं तोंड होतं. ते पुन्हा मिळणार नव्हतं.

एवढी जोखमीची फिल्म एकदम पाण्यात घालायची माझी छाती होईना. म्हणून मी एक शहाणपणा केला. नवा डेव्हलपर तयार करून आधी दुसराच, बाजारच्या दिवशी काढलेला रोल त्यात धुतला. उत्तम आला. मिरच्यांचे ढीगसुद्धा एकेक मिरची मोजावी असे. मग ती तपकिरी बाटली गच्च बंद करून कोठीच्या खोलीत, आत्याच्या बरण्यांच्या मागं अंधारात ठेवली आणि आत्याला बजावलं, "आत्या, या बाटलीवर ध्यान ठेव. ही टिकली पाहिजे. रविवारी तुझा फोटो यातच धुवायचाय."

"तू काळजी करू नको," ती म्हणाली. दात गेल्यामुळं तिचं बोलणं मऊ झालं होतं. "टिकवायचं मला येतं."

रविवारी सकाळी बाटली काढली, फिल्मची जीभ बुडवली. ती फिकटच राहिली. मी वाट बघितली, हलवली, फुंकर मारली. पाणी मेलं होतं.

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक सर आहेत, त्यांना गाठलं. त्यांनी आधी डोळे मिटले, मग उघडले. "पाणी बोअरचं घेतलं का?" बोअरचंच होतं. "मंग बराबर. बोअरमधी लोखंड असतं. लोखंड असलं की सी-व्हिटॅमिन जल्दी जातं. पाणी बिलकुल शुद्ध पाह्यजे." मला हे एकदम पटलं. मला शास्त्रातलं कुठलंही पहिलं कारण एकदम पटतं.

मग मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं. त्यात डेव्हलपर केला. पुन्हा चाचणीचा रोल, पुन्हा उत्तम. पुन्हा बाटली कोठीत आणि पुन्हा आत्याला, या वेळी जरा हात जोडूनच, "आत्या, मागच्या खेपेला गेलं सगळं. या वेळी काही झालं तरी टिकलं पाहिजे."

"गेलं?" तिला फार वाईट वाटलं. "मंग माझंच कमी पडलं असंल. या टायमाला जास्ती ध्यान देते."

पुढच्या रविवारी पाणी मेलेलं होतं.

आता मात्र माझं डोकं चालेना. मी वाचायला बसलो. डेव्हलपर टिकवण्यावर जगात इतकी माणसं इतका विचार करतात हे मला माहीत नव्हतं. कुणी म्हणे बाटली काचेचीच पाहिजे, कुणी म्हणे प्लास्टिकची घ्या आणि दाबून हवा काढा. कुणी म्हणे छोट्या बाटल्या काठोकाठ भरा. एकानं सांगितलं होतं की बाटलीत काचेच्या गोट्या टाका. पाणी वापरलं की जितकं कमी झालं तितक्या गोट्या टाकायच्या, म्हणजे पाणी वर येऊन झाकणाला टेकतं आणि हवेला जागाच उरत नाही. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मला लहानपणापासून आवडते, त्यामुळं मी गोट्यांवर गेलो.

बाजारात गोट्या मागितल्यावर दुकानदारानं माझ्याकडं वरून खाली पाहिलं. "नातवाला का सर?" मी म्हणालो, "नाही, मलाच." त्यावर त्यानं काही विचारलं नाही, पण पुडी बांधताना दोन गोट्या वरून टाकल्या.

तिसरा डेव्हलपर झाला, चाचणी झाली, गोट्या टाकल्या. पाणी अगदी गळ्याला आलं. झाकण लावलं. मी आत्याला म्हणालो, "आता मेटॉल एकाच खेपेपुरतं उरलंय. आत्या, जीव गेला तरी ही बाटली टिकली पाहिजे."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदराखाली तोंड झाकून म्हणाली, "टिकंल. मलाबी बघायचंय रे ते. दाताचं तोंड कसं होतं, विसरत चालले मी." ती दात काढल्यापासून आरशात बघत नव्हती. नवी कवळी डब्यात पडून होती, ती टोचते म्हणत होती. जेवताना आमच्याकडं पाठ करून बसत होती. त्या एका वाक्यानं मला बाटलीपेक्षा मोठी धास्ती घातली.

रविवारी बघतो तर पाणी मेलेलं. वर आणखी एक चमत्कार. बाटलीच्या तळाशी, गोट्यांच्या मध्ये, तुरीच्या डाळीचा एक दाणा.

मी तो चिमट्यानं काढला, मेलेली बाटली आत्याला काही न सांगता पुन्हा बरण्यांमागं ठेवली आणि दाणा कागदात बांधून सरांकडं नेला. त्यांनी तो उजेडात धरला, वास घेतला. मग म्हणाले, "ही डाळ हाये सर."

"ते मलाही दिसतंय. पण आली कशी?"

"स्फटिक असे होत न्हाईत," ते हळूच म्हणाले, आणि आम्ही दोघं त्या डाळीकडं बघत बसलो. एकूण बत्तीस-तेहतीस वर्षांची नोकरी दोघांची मिळून, आणि समोर एक डाळ.

घरी बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, झाकण घट्ट लागत नसेल."

"झाकण घट्ट लागत नाही म्हणून बरणीमागच्या बाटलीत डाळ उडी मारते?"

"मग मला काय विचारता? मी काय भूगोलाची बाई आहे?"

बारावीचे पेपर चालू होते. एक दिवस माझं पर्यवेक्षण रद्द झालं आणि मी दुपारीच घरी आलो. खाली कुणी नाही. स्वयंपाकघरात झाकलेलं ताट, कोठीचं दार उघडं. मी आत डोकावलो. बरण्या नव्हत्या. बरण्यांमागं बाटलीही नव्हती. मी जिना चढून गच्चीवर गेलो.

गच्चीवर सगळा उन्हाळा मांडून ठेवला होता. जुन्या पातळावर कुरडया, शेजारी मिरच्या, त्यांच्यापुढं एरंडेल लावलेली तूरडाळ. एका रांगेत लोणच्याच्या बरण्या, प्रत्येकीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. आणि त्या रांगेच्या शेवटी, सगळ्यांत जास्त ऊन पडतं तिथं, पत्र्यावर, माझी तपकिरी बाटली. झाकण काढलेलं. तोंडाला तसंच पांढरं फडकं, दोऱ्यानं नीट बांधलेलं. शेजारी ताटलीत माझ्या काचेच्या गोट्या धुऊन वाळत घातलेल्या. टाकीच्या सावलीत आत्या छत्री धरून बसली होती, हातात काठी.

"आत्या, काय करून राह्यलीस?" माझ्या तोंडून अशा वेळी आपोआप गावचंच निघतं.

"राखण. कावळे लई झाले यंदा."

"अगं, ती बाटली."

"तुझीच हाये. ध्यान ठेव म्हणला ना तू?"

"उन्हात?"

"मंग टिकवायची वस्तू कुठं ठेवतात? सावलीत? सावलीत बुरशी धरती." ती मला लहान मुलाला सांगावं तसं सांगत होती. "ऊन दाखवल्याबिगर कुठली वस्तू वर्ष काढती, सांग बरं."

"आणि कधीपासून दाखवतेस?"

"तू पयल्यांदा सांगितलं तवापासून. सकाळी तू गेला की वर आणते, तू यायच्या आत खाली नेते. एक दिस खाडा न्हाई. दुसऱ्या टायमाला तू हात जोडले, मंग जास्ती उन्हात सरकवली. त्या गोट्यांनी तर तळाला ऊनच लागंना, म्हणून रोज गाळून घेते आन् संध्याकाळी गोट्या परत टाकते. डाळीच्या चाळणीनं."

डाळीचा प्रश्न सुटला. मी कठड्याला टेकलो. मागून बायको आली, तिनं बाटली पाहिली, माझं तोंड पाहिलं आणि तोंडाला पदर लावून परत जिन्यात गेली. जिन्यातून बराच वेळ आवाज येत राहिला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं का? मिरच्या वाळू घातल्या तर सांगत असते का मी तुला?" मग तिचा आवाज खाली आला. "का रे? ऊन चालत न्हाई व्हय याला?"

मी समजावून सांगायला बसलो. हवा लागली की बिघडतं, उजेडानं बिघडतं, उष्णतेनं लवकर बिघडतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "हवेनं तर लोणचंबी बिघडतं. मंग लोणचं उन्हानं टिकतं अन् हे उन्हानं मरतं, असं कसं?" मी म्हणालो, लोणच्यात मीठ असतं. ती म्हणाली, तुझ्यात सोडा आहे. मी म्हणालो, लोणच्यावर तेल असतं, ते हवा अडवतं. ती म्हणाली, मंग तुझ्यावरबी तेल घालू की, आधी सांगायचं. मी म्हणालो, डाळीतली ओल उन्हानं जाते. ती म्हणाली, मंग याच्यातली ओल जाऊ द्यायची न्हाई का? बोलता बोलता मला असं वाटायला लागलं की तिचंच बरोबर आहे आणि जगभरच्या त्या बाटल्या दाबणाऱ्या लोकांचं काहीतरी चुकतंय. आजही कुणी मला हे नीट विचारलं तर मी विषय बदलतो.

बायको वर आली तोवर तिचं हसणं संपलं होतं. "एक विचारू का?" ती म्हणाली. "हे टिकवायचंच कशाला? आज करायचं, आजच वापरायचं. पोळ्या करून आपण आधी एक शेजारी चाखायला देतो आणि उरलेल्या आठवड्यानं खातो का?"

मी चाचणीचं महत्त्व सांगायला तोंड उघडलं. चाचणी तीन वेळा झालेली होती. तिन्ही वेळा ताजं पाणी उत्तम चाललं होतं. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या मेटॉलचा शेवटचा डेव्हलपर झाला. माठात बाटली ठेवून गार केलेलं बॅटरीचं पाणी, त्यात सगळ्या जिनसा. जीभ बुडवली, ती काळी कुळकुळीत झाली. न्हाणीघराच्या दाराला आतून गोधडी लावून अंधारात मी रोल फिल्म धुवायच्या, उजेड न शिरणाऱ्या डब्यात भरला. बाहेर आत्या पाटावर बसली होती. डबा हलवायची पाळी आली तेव्हा म्हणाली, "माझ्याकडं दे. तू ताक घुसळल्यावानी करून राह्यला." तिनं डबा पाळण्यातल्या बाळासारखा हळू उलटा केला, हळू सुलटा केला. मी घड्याळ बघत होतो.

चित्र पक्कं करायच्या पाण्यातून नेऊन फिल्म बाहेर काढली आणि वाळायला दोरीवर टांगली. सगळी आली होती. आत्यानं चष्मा पुसला आणि फिल्म उजेडात धरली. नेगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं हे मी सांगायला विसरलो होतो.

"अगबया, केस काळे झाले की," ती म्हणाली. मग बराच वेळ सरकत सरकत बघत गेली आणि अगदी शेवटच्या फोटोशी थांबली. "अन् दातबी काळे. मी कधी मिश्री लावली न्हाई हो जन्मात."

मी मोबाइलनं त्या फिल्मचे फोटो काढून उलटे केले, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. ती म्हणाली, "शेवटी मोबाइलमधीच घातलं मला." पण बघायला पुढं सरकली. मीही बघत होतो, आणि एकेक फोटो बघताना माझा धीर सुटत चालला. प्रत्येक फोटोत आत्या ताठ बसली होती, नजर समोर आणि ओठ गच्च मिटलेले. शेवटच्या फोटोच्या अलीकडंपर्यंत एक दात नव्हता.

"आत्या, तोंड का मिटलंस?"

"फोटूत तोंड उघडं ठेवतं का कुणी? येडी म्हणतील."

"पण दातांसाठीच तर काढला ना आपण?"

"दात आतच होते की." तिनं मोबाइल जवळ घेतला. "बघ ना गाल कसे भरलेत. दात असलेलं तोंड मिटलं तरी येगळंच दिसतं." आणि ती मिटलेल्या तोंडांकडं इतका वेळ बघत राहिली की मोबाइलचा उजेड दोनदा विझला. दोनदा मी तो पुन्हा लावला.

शेवटचा फोटो मात्र वेगळा होता. रोल संपत आला तेव्हा बायको आत्याचा पदर सारखा करायला पुढं झाली होती आणि माझं बोट आधीच दाबलं गेलं होतं. त्यात आत्या मान वळवून तिला काहीतरी म्हणतेय आणि हसतेय. सगळे दात दिसतायत, वाकडेतिकडे, पुढचा एक तुटका. आणि कोपऱ्यातून आत आलेला, तिच्या डोक्यावरच्या पदरावर टेकलेला एक हात. मनगटापासून पुढचा.

"हा नको," मी घाईनं म्हणालो. "यात हात आलाय. याच्या आधीचा मोठा करून आणू."

आत्या उठली. बाटलीत उरलेलं पाणी घेऊन ती कोठीत गेली, आणि मी ओरडून सांगितलं की ते आता टिकवायचं नाहीये, ओतून दे. टिकवायचं नाही म्हटल्यावर तिनं ते उन्हात नेलं नाही. ओतूनही दिलं नाही, कारण ओतून देणं तिच्यात बसत नाही. बरण्यांमागं ठेवून ती विसरली. परवा सहज म्हणून मी त्यात फिल्मचा एक तुकडा बुडवला. काळा झाला. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं व्हायला नको होतं.

फोटो जालन्याहून मोठा होऊन आला तो शेवटचाच. आत्यानं बायकोला गुपचूप सांगून ठेवलं होतं. आता बैठकीत आतोबांच्या शेजारी तो लावलेला आहे. "जित्या माणसाचा फोटू भिंतीवर लावतात का?" असं गल्लीतल्या दोघी-तिघींनी बोलून झालं आहे. आत्या म्हणते, मेल्यावर लावला तर मी कधी बघू?

पाहुणे आले की चहा पिता पिता आधी या फोटोकडं बघतात, मग त्या फोटोकडं. आणि विचारतात, "हात कुणाचा हो?"

आत्या आता उठून आत जात नाही. कवळी नीट बसवते आणि म्हणते, "माझ्या डोक्यावरचा सुनबाईचा. त्यांच्या खांद्यावरचा न्हाई बा माहीत. चहा घ्या, निवला."